नागपूरहून किनाऱ्यावर : समुद्री गोगलगायींची पिल्ले कशी ओळखावीत

नागपूरहून मुंबईला किंवा कोकणात जाणाऱ्या निसर्गप्रेमींच्या वाट्याला किनाऱ्यावरच्या दोन-तीनच सकाळी येतात. किनाऱ्यालगत राहणाऱ्या हौशी अभ्यासकाची एखादी ओहोटी चुकली, तर तो पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊ शकतो. आपल्याला मात्र नुसत्या मुंबईसाठीच रेल्वेने ८३७ किलोमीटर कापावे लागतात आणि रजेचा अर्जही नव्याने द्यावा लागतो. म्हणून या लेखातील निम्मी तयारी नागपुरातच उरकायची आहे. ज्यांना पक्षी किंवा फुलपाखरे ओळखण्याचा थोडाफार सराव आहे, पण खडकाळ किनाऱ्यावर ज्यांनी कधी गुडघे टेकले नाहीत, अशा वाचकांना समोर ठेवून तो लिहिला आहे.

एक सवय मात्र निघण्यापूर्वीच सोडावी लागेल. पक्षी किंवा फुलपाखरू दिसले की आपली नजर प्रथम रंगाकडे जाते, आणि फुलपाखरांच्या बाबतीत ते बरेचसे चालूनही जाते, कारण कोषातून बाहेर आलेले फुलपाखरू नंतर वाढत नाही आणि त्याची नक्षी ठरून गेलेली असते. समुद्री गोगलगाय (इंग्रजीत ‘सी स्लग’, बहुधा बिनशंखाची) मात्र दोन मिलिमीटरची असल्यापासून काही सेंटिमीटरची होईपर्यंत त्याच मऊ, उघड्या अंगाने वाढत राहते आणि या वाढीत तिचा रंग, ठिपके, रेघा, कल्ल्यांची संख्या, पाठीवरच्या उंचवट्यांची दाटी असे जवळजवळ सगळेच बदलू शकते. त्यामुळे पिल्लू ओळखताना रंग सर्वांत शेवटी पाहावा. आधी शरीराची ठेवण पाहावी, मग ते कशावर बसले आहे ते पाहावे आणि त्यानंतरच रंगाकडे वळावे.

पिल्लू म्हणजे नेमके काय

समुद्री गोगलगायी उभयलिंगी असतात आणि अंडी फितीच्या किंवा दोऱ्याच्या आकारात घालतात. अनेक जातींची फीत खडकावर गोल गोल गुंडाळलेली असते, तर समुद्रसशांची (सशाच्या कानांसारखी शिंगे असलेल्या गटाची) अंडी गुंतलेल्या शेवयांसारखी दिसतात. बहुतेक जातींत या अंड्यांतून बाहेर पडणाऱ्या अळीला स्वतःचा वेटोळा शंख असतो आणि त्याला झाकणही असते. ही अळी मिलिमीटरच्या काही दशांशांएवढीच असते, प्रवाहाबरोबर पाण्यात तरंगत राहते आणि आपल्याला किनाऱ्यावर दिसत नाही. योग्य जागेचा रासायनिक सुगावा लागला की ती तळाशी उतरते. हवाई बेटांवरील फेस्टिला नावाच्या गोगलगायीवरच्या अभ्यासात दिसून आले की, तिची प्रौढ गोगलगाय जे पोराइट्स प्रवाळ खाते, त्याच प्रवाळातून पाण्यात मिसळणाऱ्या द्रव्यामुळे अळीचे रूपांतर सुरू होते. न्यूडिब्रँक या मोठ्या गटात रूपांतराच्या वेळी शंख आणि झाकण दोन्ही गळून पडतात आणि उरतो तो तांदळाच्या कणीहूनही लहान, बहुधा पारदर्शक जीव. या टप्प्यापासून पहिल्यांदा अंडी घालण्याच्या वयापर्यंत आपण त्याला पिल्लू म्हणू.

या माहितीचा किनाऱ्यावर थेट उपयोग होतो. अळी बहुधा अन्नाजवळच उतरत असल्यामुळे पिल्लू कशावर बसले आहे, हा त्याच्या ओळखीचा पहिला पुरावा ठरतो. पुष्कळदा तो रंगापेक्षा अधिक भरवशाचा असतो.

येथे नागपूरकरांसाठी एक छोटेसे विषयांतर करतो. आपल्या शहरातील टाकळी येथे दख्खनच्या लाव्हाथरांच्या मधल्या गाळात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे जीवाश्म सापडले. ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज ओळखले जाते त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांचा अभ्यास केला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या फायझा नावाच्या गोगलगायीचे बालपण आजही वाचता येते, कारण शंख टोकाकडून वाढत जातो आणि त्याचे अगदी टोकाचे वेटोळे हाच त्या जीवाचा बालपणीचा शंख असतो. फुटाळा तलावाच्या काठी मिळणाऱ्या रिकाम्या शंखाचे टोक भिंगाखाली पाहिले तरी हे लक्षात येईल. बहुतेक समुद्री गोगलगायींनी मात्र शंखच टाकून दिलेला असतो. प्रौढ जीवाच्या अंगावर बालपणाची कोणतीही नोंद उरत नाही आणि पिल्लाच्या अंगावर पुढच्या रूपाची हमी नसते. आपल्या कामातील सगळी अडचण येथून सुरू होते.

आधी तिथी, मग तिकीट

समुद्री गोगलगायी पाहायच्या तर मोठी ओहोटी हवी आणि मोठी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत मिळते. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत पाणी फारसे मागे हटत नाही, म्हणून त्या तारखांचे तिकीट काढू नये. किनारपट्टीवर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करावी, येणारा आकडा ही भरतीची अंदाजे वेळ. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती साधारण दीड वाजता आणि ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे पावणेआठच्या सुमारास. रात्री दीडच्या भरतीनंतर सकाळी पावणेआठला ओहोटी आली, तर उजेडही मिळतो आणि पाणीही दूर असते. अमावास्येला हाच हिशेब पहाटे साडेपाचची ओहोटी दाखवतो आणि हिवाळ्यात तेव्हा अंधार असतो. शिवाय सर्वांत मोठी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते. म्हणून मी स्वतः द्वितीया-तृतीयेच्या सकाळी धरून प्रवास आखतो.

हा ठोकताळा केवळ आखणीपुरता आहे. निघण्यापूर्वी त्या बंदराचे भरती-ओहोटीचे अधिकृत कोष्टक पाहावेच. दिवसातील दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात आणि कोष्टकात पाण्याची उंचीही दिलेली असते. अर्धा मीटर किंवा त्याहून कमी उंची दाखवणारी ओहोटी निवडावी. जून ते सप्टेंबर या काळात समुद्र खवळलेला असतो आणि खडक निसरडे असतात, म्हणून नवख्यांनी ते महिने टाळावेत. ऑक्टोबरनंतर उन्हाळ्यापर्यंतचा काळ सोयीचा असतो. जागेसाठी वाळूची लांबलचक चौपाटी नव्हे, तर खडप, म्हणजे ओहोटीत उघडा पडणारा खडकाळ किनारा, निवडावे. मुंबईत हाजी अली, मरीन ड्राइव्ह, कार्टर रोड येथे ते शहरातच आहे, तर रत्नागिरी आणि मालवणच्या बाजूला खडपाळ किनारा भरपूर आहे.

पावसाळ्यात नागपुरातच सराव

किनाऱ्यावर जाणे शक्य नसते ते चार महिने सरावाला उत्तम असतात. जुलै-ऑगस्टमध्ये सेमिनरी हिल्सच्या परिसरात, कुंड्यांच्या खाली किंवा परसातील ओल्या विटांखाली काळपट, चपटी, बिनशंखाची गोगलगाय सापडते. शेतकरी तिला शेंबडी म्हणतात. पाठीच्या मधोमध फिकट रेघ असलेली जी शेंबडी आपल्याकडे सर्रास दिसते, ती लेव्हिकॉलिस अल्टे ही मूळची आफ्रिकेतील जात आहे. तिची लहान-मोठी पिल्ले एकाच विटेखाली सापडतात, आणि आपल्याला नेमके तेच हवे असते.

तिच्यावर तीन गोष्टींचा सराव करावा. पहिली म्हणजे मोजमाप. मऊ अंगाचा जीव आक्रसलेला असताना आणि सरपटताना दुप्पट फरकाने लांब-आखूड दिसतो, म्हणून नेहमी सरपटत असतानाची पूर्ण ताणलेली लांबी मिलिमीटरमध्ये लिहावी आणि शेजारी प्लास्टिकची पट्टी ठेवूनच छायाचित्र घ्यावे. दुसरी म्हणजे शिंगे पाहणे. शेंबडीच्या वरच्या शिंगांच्या टोकाला डोळे असतात. हे भिंगातून नीट पाहून ठेवावे, कारण किनाऱ्यावर एका मोठ्या फसवणुकीतून हेच ज्ञान वाचवते. तिसरी म्हणजे सहा मिलिमीटरच्या हलत्या जीवाचे स्पष्ट छायाचित्र मोबाइलला अडकवण्याच्या भिंगाने घेणे. हे वाटते त्याहून कितीतरी अवघड आहे आणि ते शिकायला हाजी अलीचे खडक ही जागा नव्हे. शेंबडीला उघड्या हाताने स्पर्श करू नये. तिच्या अंगात माणसाला घातक ठरणारे कृमी असू शकतात, म्हणून काडी किंवा हातमोजा वापरावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

किनाऱ्यावर : शोधावे कसे

ओहोटीच्या ठरलेल्या वेळेच्या दीड तास आधी खडपावर पोहोचावे आणि उतरत्या पाण्यामागोमाग खाली जावे. पाणी पुन्हा चढू लागले की मागे फिरावे, मग समोर काहीही दिसत असो. पायात घट्ट, मागून बंद असलेले रबरी बूट हवेत. चपला चालत नाहीत. शंकूच्या आकाराचा सुबक शंख दिसला तर तो उचलू नये, कारण कोन शंखाचा दंश विषारी असतो. प्रवाळांवर आणि प्रवाळांसारख्या दिसणाऱ्या मऊ गालिच्यांवर पाय देऊ नये. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

नवखा माणूस तासाभरात पन्नास डबकी पाहतो आणि त्याला काही सापडत नाही. याउलट एकाच डबक्याशी पंधरा मिनिटे बसावे. पहिली पाच मिनिटे फक्त खेकडे आणि मासे दिसतील. डोळे स्थिरावले की शेवाळाच्या एखाद्या फांदीचे टोक जरा जास्तच जाड आहे, खडकावरच्या नारिंगी स्पंजावरचा एक उंचवटा हळूच सरकला, अशा गोष्टी जाणवू लागतात. अंड्यांची फीत दिसली तर तिच्या आजूबाजूला हातभर अंतरात बारकाईने पाहावे, कारण प्रौढ गोगलगायी बहुधा जवळपासच असतात आणि जेथे त्यांचे अन्न असते तेथे पिल्लेही सापडू शकतात. स्पंज, झुडपासारखे नाजूक हायड्रॉइड आणि जाळीदार ब्रायोझोआ हे खडकाला चिकटून राहणारे प्राणी, तसेच हिरवे-तांबडे शेवाळ ही चार ठिकाणे प्रथम तपासावीत. सैल दगड उचलायचा झाला तर सावकाश उचलावा, खालची बाजू पाहावी आणि तो होता तसा, त्याच बाजूवर परत ठेवावा. उलटा ठेवलेला दगड म्हणजे त्याच्या खालच्या सगळ्या वसाहतीला उन्हात टाकणे होय.

अगदी लहान पिल्लांसाठी एक युक्ती उपयोगी पडते. सुट्या होऊन वाहत आलेल्या शेवाळाचा मूठभर झुपका पांढऱ्या ट्रेमध्ये समुद्राच्याच पाण्यात ठेवावा आणि सावलीत दहा-पंधरा मिनिटे थांबावे. पाण्यातील प्राणवायू कमी होऊ लागला की आत दडलेले बारीक जीव कडेला येतात. पाहून झाल्यावर ट्रेमधील सगळे पाणी, शेवाळ आणि जीव मूळ डबक्यात सोडावेत. नागपूरला काहीही घेऊन येऊ नये. घरच्या काचपेटीत हे जीव जगत नाहीत, कारण त्यांना लागणारा नेमका स्पंज किंवा हायड्रॉइड आपण पुरवू शकत नाही.

आधी तोतये बाजूला करा

आपल्या किनाऱ्यावर नवख्यांची सर्वांत जास्त फसवणूक ऑन्किडियम करतो. हा खरखरीत पाठीचा, मातकट, बोटाच्या पेराएवढा जीव ओहोटीच्या वेळी पाण्याबाहेर, उघड्या खडकावर चरताना दिसतो. तो हवेत श्वास घेणारा असून आपल्या परसातील शेंबडीचा नातलग आहे. पावसाळ्यात केलेला सराव येथे कामी येतो. त्याच्या शिंगांच्या टोकाला डोळे असतात, तर समुद्री गोगलगायींच्या शिंगांच्या टोकाला डोळे कधीच नसतात. त्यांचे डोळे असलेच तर त्वचेखालचे दोन काळे बिंदू म्हणून बहुधा शिंगांच्या मागे दिसतात.

दुसरा तोतया म्हणजे चपटा कृमी. तो रंगीबेरंगी असतो, पण कागदासारखा पातळ असतो, कडा लाटेसारख्या हलवत भराभर सरकतो, त्याला पाठीवर कल्ले नसतात आणि त्याची ‘शिंगे’ म्हणजे केवळ पुढच्या कडेच्या दोन घड्या असतात. पाठीवर आठ तुकड्यांचे चिलखत असेल तर तो कायटन आहे. याची उलट बाजूही सांगण्यासारखी आहे. अंदमान किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्यांना फिलिडिया नावाच्या विषारी समुद्री गोगलगायीसारखा दिसणारा एक जीव भेटू शकतो, तो प्रत्यक्षात एका समुद्रकाकडीचे पिल्लू असतो. म्हणजे गोगलगायीचे पिल्लू ओळखायला निघालेल्या माणसापुढे दुसऱ्याच प्राण्याचे पिल्लू गोगलगायीचे सोंग घेऊन बसलेले असते. त्याच्या डोक्यावर खरी शिंगे नाहीत आणि पोटाखाली सरपटणारा रुंद तळवा नाही, एवढे तपासले की उलगडा होतो.

शिंगे, पाठ आणि बैठक

तोतये बाजूला झाले की जातीचे नाव न शोधता प्रथम गट ठरवावा. शिंगांची बनावट पिल्लातही बरीचशी टिकून असते, म्हणून तिथून सुरुवात करावी. या शिंगांना रायनोफोर म्हणतात आणि ती पाण्यातील वास टिपतात.

शिंगे विड्याच्या पानाच्या सुरळीसारखी गुंडाळलेली असतील तर दोन शक्यता उरतात. शरीर पानासारखे असून दोन्ही बाजूंचे पदर पाठीवर मिटत-उघडत असतील आणि जीव हिरव्या शेवाळावर, विशेषतः कॉलर्पा, कोडियम किंवा ब्रायॉप्सिसवर बसला असेल, तर तो रसशोषी गटातील एलिसिया असण्याचा संभव मोठा आहे. शरीर फुगीर, मान लांब आणि पुढे सशाच्या कानांसारखी दोन शिंगे असतील तर तो समुद्रससा होय.

शिंगांवर आडव्या पापुद्र्यांची चळत असेल, धक्का लागताच ती खोबणीत आत जात असतील आणि पाठीच्या मागच्या भागात कल्ल्यांचा पिसारा गोलाकार उभा असेल, तर तो डोरिड गट. पाठीवर बोटांसारखे उंच अवयव ओळीने उभे असतील, तोंडापाशी लांब मिशांसारखी स्पर्शिकांची जोडी असेल आणि शिंगे खोबणीत शिरत नसतील, तर तो एओलिड गट. बरेचसे एओलिड हायड्रॉइडांवर जगतात आणि त्यांच्या दंशपेशी न पचवता पाठीवरच्या बोटांच्या टोकांत साठवतात. डोक्यावर शिंगेच नसून पुढे फावड्यासारखे रुंद ढाल-डोके असेल आणि जीव वाळूत शिरत असेल, तर तो ढाल-डोक्यांचा गट. त्यांतील काहींचा पातळ शंख बाहेरून दिसतो, त्यामुळे त्यांना साधा शंख समजून सोडून देऊ नये.

आता पिल्लांमधील घोटाळा पाहू. डोरिडाचे अगदी लहान पिल्लू पाहिले तर कल्ल्यांचा पिसारा अजून फुटलेलाच नसतो किंवा दोन-तीन कोंबच असतात, आणि शिंगांवर पापुद्रेही मोजके असतात. ‘पाठीवर कल्ले नाहीत, म्हणून डोरिड नाही’ हा निष्कर्ष पाच मिलिमीटरच्या जीवाला लावू नये. एओलिडाच्या पिल्लाला बोटांच्या दोन-चार जोड्याच असतात. त्यांच्या ओळी आणि गुच्छ पुढे वाढतात. म्हणून ओळखीच्या पुस्तकांत दिलेल्या संख्या, मग त्या कल्ल्यांच्या असोत की बोटांच्या, पिल्लाला लावताना वरची मर्यादा म्हणूनच वाचाव्यात. डेन्ड्रोडोरिसच्या दोन जाती याचे चांगले उदाहरण आहेत. प्रौढांमध्ये डेन्ड्रोडोरिस फ्युमाटाचे कल्ले थोडे पण मोठे असतात, तर डेन्ड्रोडोरिस नायग्राचे कल्ले लहान आणि संख्येने अधिक असतात. दोन्ही जाती रंगाने कमालीच्या बदलत्या आहेत. पिल्लात कल्ल्यांची संख्या अजून वाढत असते, त्यामुळे ‘थोडे कल्ले, म्हणून फ्युमाटा’ असे म्हणता येत नाही, आणि रंगही मदतीला येत नाही. अशा वेळी नोंद डेन्ड्रोडोरिस या प्रजातीवरच (जीनसवरच) थांबवावी.

रंग कुठून येतो

रंग शेवटी पाहायचा असला तरी तो का बदलतो हे समजले तर त्याचाही उपयोग होतो. अनेक पिल्लांचा रंग स्वतःचा नसतोच, तो पारदर्शक त्वचेतून दिसणाऱ्या अन्नाचा असतो. समुद्रसशांच्या अनेक जातींची पिल्ले तांबड्या शेवाळावर वाढतात आणि गुलाबी-लाल दिसतात. मोठी होऊन दुसरे शेवाळ खाऊ लागली की ती हिरवट-तपकिरी होतात. माझ्या पहिल्या सहलीत अशाच एका आठ मिलिमीटरच्या लालभडक जीवाला मी काहीतरी दुर्मीळ समजून बसलो होतो आणि परतीच्या गाडीत बडनेरा येईपर्यंत सोबत्यांना त्याचे वर्णन ऐकवत होतो. छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर गुंडाळीदार शिंगे आणि बाजूचे पदर स्पष्ट दिसले. तो समुद्रसशाचे साधे पिल्लू होता आणि ज्या शेवाळावर बसला होता त्याच शेवाळाच्या रंगाचा होता.

एलिसियाची गोष्ट याहून विलक्षण आहे. या गटातील अनेक जाती शेवाळाचा रस शोषताना त्यातील हरितलवके न पचवता अंगात ठेवतात आणि त्यामुळे हिरव्या होतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एलिसिया क्लोरोटिकाचे पिल्लू व्हॉशेरिया हे शेवाळ खाण्यापूर्वी तपकिरी असते आणि त्यावर तांबडे ठिपके असतात. हिरवेपणा ते खाऊन मिळवते. आपल्या किनाऱ्यावर हिरव्या शेवाळात पानाच्या ठेवणीचा फिकट जीव दिसला, तर केवळ तो हिरवा नाही म्हणून एलिसियाची शक्यता फेटाळू नये.

नक्षीबाबत एवढेच ध्यानात ठेवावे की पिल्लाची नक्षी बहुधा सोपी असते. प्रौढावर जेथे दाट ठिपके असतात तेथे पिल्लावर मोजके असतात आणि जेथे पाच रेघा असतात तेथे एखाद-दुसरीच असते. कडेची पट्टी बरेचदा लवकर उमटते, म्हणून तिची नोंद जरूर घ्यावी. समुद्रसशांपैकी बर्साटेला लीची या, अंगभर फांद्यांसारखे धागे असलेल्या जातीच्या पिल्लात हे धागे कमी आणि आखूड असतात. तिच्या पिल्लात आतला शंखही असतो, जो प्रौढात नाहीसा होतो.

पिल्लू की लहान प्रौढ

या प्रश्नावर सर्वांत जास्त वाद होतात. लहान म्हणजे पिल्लू नव्हे. पश्चिम बंगाल आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरून अलीकडे नव्याने वर्णन केलेली मेलॅनोक्लॅमिस द्रौपदी ही ढाल-डोक्याची जात पूर्ण वाढूनही फार तर सात मिलिमीटरची असते. त्यामुळे ‘सहा मिलिमीटर, म्हणजे पिल्लू’ असे लिहिणाऱ्याची नोंद मी तरी स्वीकारणार नाही.

एकच खूण निर्विवाद आहे : जो जीव अंडी घालताना किंवा जोडीने मीलन करताना दिसला, तो कितीही लहान असला तरी प्रौढ समजावा. उरलेल्या खुणा एकत्र तोलाव्या लागतात. शरीराच्या मानाने शिंगे आणि डोके मोठे दिसणे, त्वचा इतकी पारदर्शक असणे की आतील पाचक ग्रंथीची गडद फांदी दिसावी, शिंगांमागचे काळे नेत्रबिंदू सहज दिसणे, कल्ले किंवा बोटे मोजकी असणे आणि पाठीवरचे उंचवटे नुकतेच उमटू लागलेले असणे, या खुणा पिल्लाकडे बोट दाखवतात. यांपैकी एकच आढळली तर निर्णय राखून ठेवावा. काही जातींची प्रौढ गोगलगायही पारदर्शक असते. तीन-चार खुणा एकत्र आढळल्या आणि त्याच डबक्यात तशाच ठेवणीचा मोठा जीवही दिसला, तर तुम्ही बऱ्याच खात्रीने पिल्लू म्हणू शकता. लहान-मोठ्या जीवांची अशी मालिका एकाच जागी मिळणे हे भाग्य आहे. मिळाली तर बाकी सर्व सोडून तिचेच छायाचित्रण करावे, कारण मधल्या आकारांचे जीव दोन टोकांना जोडून देतात.

छायाचित्रे आणि नोंद

जीव नेहमी पाण्याखालीच टिपावा. पाण्याबाहेर काढला की कल्ले आत जातात, बोटे अंगाला चिकटतात आणि शिल्लक राहतो तो एक निरर्थक गोळा. एकाच जीवाची पाच छायाचित्रे घ्यावीत : वरून पूर्ण, बाजूने, डोके आणि शिंगे जवळून, पाठीचा मागचा भाग, आणि तो ज्यावर बसला आहे ते अन्न पुरेशा विस्ताराने. नवखे लोक हे पाचवे छायाचित्र हमखास विसरतात आणि तज्ज्ञ प्रथम तेच मागतात. वहीत तारीख, वेळ, ठिकाण, ओहोटीची उंची, ताणलेली लांबी, डबके की दगडाखालची बाजू आणि जवळपास अंडी होती का, एवढे त्याच ठिकाणी लिहावे. हॉटेलवर परतून लिहू म्हटले की दोन जीवांची मापे एकमेकांत मिसळतात.

नोंद आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना पुरावा जेथे संपतो तेथेच नाव थांबवावे. गट कळला तर गट, कुळ कळले तर कुळ. मोबाइल सुचवतो ते जातीचे नाव पिल्लासाठी सहसा विश्वासार्ह नसते, कारण अशा संग्रहांतील बहुतेक छायाचित्रे प्रौढ जीवांची असतात. जीवनावस्थेच्या रकान्यात पिल्लू ही खूण करावी आणि ती का केली याच्या दोन ओळी खाली लिहाव्यात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्रॅटेना या एओलिड प्रजातीच्या दोन नव्या जातींचे वर्णन २०२० साली प्रसिद्ध झाले, म्हणजे येथील प्रौढांचीच यादी अजून पुरी झालेली नाही. अशा स्थितीत ‘एओलिड, पिल्लू, पाच मिलिमीटर, हायड्रॉइडवर’ ही चार शब्दसमूहांची नोंद चुकीच्या लॅटिन नावापेक्षा अधिक कामाची असते. तिच्यावर दोन वर्षांनीही कोणीतरी नेमके नाव लिहू शकतो, तोवर मूळ छायाचित्रे पूर्ण आकारात जपून ठेवावीत आणि पुढच्या खेपेस शक्य असेल तर त्याच खडपावर, त्याच डबक्याशी जाऊन बसावे.